जुन्या लॅपटॉपास नवी स्मृति

पनवेल शहराच्या जुन्या भागांतील वाडे असोत, कीं नव्या पनवेलांतील, खांदा वसाहतींतील किंवा कामोठ्यांतील इमारतींच्या सदनिका असोत, आज मध्यम स्थितीच्या बहुतेक घरांत एक वस्तु हटकून आढळते. कपाटाच्या डोक्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारीं, काळ्या पिशवींत घालून ठेवलेला एक लॅपटॉप. सात-आठ किंवा दहा-बारा वर्षांपूर्वीं मुलाच्या अथवा मुलीच्या कॉलेजच्या शिक्षणासाठीं तो घेतलेला असतो. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां धाकट्या भावंडांचे वर्ग त्याच्यावरच भरले. त्यानंतर त्याची गति हळूहळू इतकी मंदावली कीं बटण दाबून चहाचें आधण ठेवावें, चहा पिऊन कप विसळून ठेवावा, तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असावें. मग एके दिवशीं घरांतील नातू निकाल देऊन मोकळा होतो, "आजोबा, हा आतां भंगारांत द्या आणि नवा घ्या." आजोबांस तें पटत नाहीं, पण उत्तरही सुचत नाहीं.

नातवाचा हा निकाल पुष्कळ वेळां घाईचा असतो. पनवेल गांवाला तरी तो घाईचा वाटावयास हरकत नाहीं. घाट उतरून येणाऱ्या बैलगाड्या आणि खाडींतून येणारीं गलबतें यांची गांठ ज्या काळीं येथें पडत असे, त्या काळीं गाडीचीं चाकें बनविणें हा या गांवाचा नांवाजलेला धंदा होता. जुन्या सरकारी गॅझेटियरांत त्याचा मुद्दाम उल्लेख आहे. चाक झिजलें म्हणून साटा आणि जूं यांची मोळी बांधून ती चुलींत घालणारा गाडीवान कोणीं पाहिला नसेल. लॅपटॉपाचीही गोष्ट निराळी नाहीं. त्याचा पडदा, त्याची कळपट्टी, त्याचा गणित करणारा मुख्य भाग हीं सर्व बहुधा शाबूत असतात. थकलेलें असतें तें एक चाक, आणि अपुरें पडलेलें असतें तें दुसरें.

हीं दोन चाकें कोणतीं, हें समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. जुन्या पेढीवर दिवाणजी बसत, त्यांच्यापुढें एक लहान उतरतें मेज असे. ज्या वह्या त्या घटकेस लागत त्या मेजावर. बाकीचीं दप्तरें माजघराच्या फडताळांत. लॅपटॉपामध्यें मेजाचें काम जी स्मृति करते तिला रॅम म्हणतात आणि फडताळाचें काम करते तिला हार्ड डिस्क. मेजावरची वही हात लांबवितांच मिळते. परंतु पेढी बंद झाली कीं मेज रिकामें होतें. फडताळांतील दप्तर वर्षानुवर्षें राहतें. पण तें आणावयास गडी पाठवावा लागतो. आतां मेज लहान आणि वह्या अनेक असें झालें म्हणजे काय होतें? एक नवी वही ठेवण्यासाठीं एक जुनी उचलून फडताळांत पाठवावी लागते. क्षणभरानें तीच जुनी वही पुन्हां हवी असते. गडी नुसता येरझारा घालीत राहतो आणि हिशेब मुळींच पुढें सरकत नाहीं. जुन्या लॅपटॉपांत, विशेषतः ज्यांत ४ जी.बी. इतकीच रॅम आहे त्यांत, आज नेमकें हेंच चाललेलें असतें. बारा वर्षांपूर्वींचीं पत्रें, चित्रें आणि संकेतस्थळें त्या मेजावर मावत होतीं. आजचीं मावत नाहींत. यंत्र म्हातारें झालें यापेक्षां वह्या जाड झाल्या, असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल.

आणि तो गडीही मंद आहे. किती मंद, याचा हिशेब कोणालाही करतां येतो. लॅपटॉपांतील सामान्य हार्ड डिस्कची चकती मिनिटास ५,४०० वेळां फिरते, म्हणजे सेकंदास ९० वेळां. एका फेऱ्याला सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात, आणि हवी ती जागा टोकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच सहस्रांश सेकंद, वाट पाहावी लागते. तत्पूर्वीं वाचणारें टोंक योग्य वर्तुळावर सरकावें लागतें. त्यास आणखी बारा-एक सहस्रांश. दोहोंची बेरीज साडेसतरा धरली, तर हा गडी सेकंदाला सत्तावन्नांहून अधिक खेपा करूं शकत नाहीं. ऐकावयास हा आंकडा मोठा वाटतो. परंतु समजा, यंत्र चालू होतांना ठिकठिकाणीं विखुरलेले २०,००० लहान लहान तुकडे वाचावे लागले, तर केवळ या खेपांतच सहा मिनिटें खर्ची पडतात. चहाचें आधण उकळून जातें तें यामुळें.

हार्ड डिस्कच्या जागीं आतां जी वस्तु बसवितात ती एस.एस.डी. या नांवानें बाजारांत ओळखली जाते. तिच्यांत चकती नाहीं, टोंक नाहीं, फिरणारें-सरकणारें कांहींच नाहीं. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कोठड्यांत विद्युत्कण कोंडून ठेवावयाचे आणि ते आहेत कीं नाहींत यावरून माहिती वाचावयाची, अशी तिची रीति आहे. चहूंबाजूंनीं विद्युद्रोधक पदार्थानें वेढलेल्या अशा कोठडीची कल्पना अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डॉन कांग आणि सायमन झी यांनीं १९६७ सालीं मांडली. आज सर्वत्र चालणारी तिची मांडणी जपानांतील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं १९८७ मध्यें जगापुढें ठेवली. अशा स्मृतींतून एक तुकडा वाचण्यास एका सहस्रांश सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. वरचे तेच २०,००० तुकडे, केवळ या हिशेबानें, दोन सेकंदांत हातीं येतात. प्रत्यक्षांत यंत्राला इतरही कामें असल्यामुळें तें दोन सेकंदांत उभें राहत नाहीं, परंतु पांच-सहा मिनिटांच्या जागीं अर्ध्या मिनिटाच्या आंतबाहेर काम होतें, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नव्या लॅपटॉपाच्या चपळाईचें श्रेय ज्या गोष्टींना दिलें जातें, त्यांतील मोठा वांटा वस्तुतः या एका बदलाचा असतो.

या स्मृतींचा आकार कसा आक्रसत गेला तें पाहिलें म्हणजे मौज वाटते. चकतीवर माहिती सांठविणारें पहिलें यंत्र आय.बी.एम. कंपनीनें १९५६ मध्यें बाहेर काढलें. त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन एका टनाहून अधिक होतें, आणि एवढा पसारा मांडून अक्षरें मावत ती पन्नास लाख. आज मोबाइलानें काढलेलें एक बरेंसें छायाचित्रही त्यांत मावणें कठीण. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक पुरा झाला, व ज्यास पुढें १९६२ मध्यें टिफ्रॅक हें नांव मिळालें, त्याची मेजावरची स्मृति ४० अंशांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारें दहा हजार बाइटांची होती. आज पनवेलच्या दुकानांत काउंटरवर पडलेली बोटभर लांबीची ४ जी.बी.ची जुनी पट्टी तिच्या चार लाख पटींहून मोठी आहे. आणि तरी ती पुरत नाहीं म्हणून तक्रार आहे! असो.

कांहीं विकत घेण्यापूर्वीं रोगाची परीक्षा करावी. यंत्र मंद चालत असतांना त्यांतील टास्क मॅनेजर उघडला, तर डिस्क व मेमरी या दोन ओळी दिसतात. डिस्कचा आंकडा एकसारखा शंभर टक्क्यांस चिकटलेला असेल तर दोष गड्याचा. मेमरी नव्वदीच्या पुढें असेल तर दोष मेजाचा. दोन्ही असतील तर दोन्हीचा. ज्यांना एकच खर्च झेपतो त्यांनीं आधीं एस.एस.डी. घ्यावी. मेज लहानच राहिलें तरी गडी वाऱ्याच्या वेगानें येरझारा घालूं लागला म्हणजे निम्मा जाच कमी होतो. उलट, मेज वाढवून गडी तोच ठेवला तर चहाचा वेळ फारसा घटत नाहीं.

रॅम घेतांना मात्र पट्टीला पट्टी सारखी नसते, हें ध्यानांत ठेवावें. साधारणतः २०१५ पूर्वींच्या लॅपटॉपांत डी.डी.आर. ३ जातीची, २०४ पिनांची पट्टी असते, त्यानंतरच्यांत डी.डी.आर. ४ जातीची, २६० पिनांची. दोहोंच्या खांचा भिन्न जागीं आहेत, त्यामुळें एक दुसरीच्या घरांत बसतच नाहीं. फसगत होते ती डी.डी.आर. ३ च्या दोन पोटजातींत. एक १.५ व्होल्टवर चालणारी, दुसरी १.३५ व्होल्टवर चालणारी. दिसण्यांत दोघी जुळ्या बहिणी; परंतु २०१३ नंतरचीं कित्येक यंत्रें केवळ दुसरीलाच घरांत घेतात. पट्टीवर पी.सी. ३ एल असें लिहिलेलें असेल ती ही दुसरी. शिवाय कांहीं सडपातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फळ्यावर कायमची डांख देऊन जोडलेली असते. तेथें वाढविण्याची सोयच नाहीं. यंत्राच्या पोटावर जो नमुनाक्रमांक छापलेला असतो, तो घेऊन कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका पाहिली, तर किती पट्ट्या बसतात आणि जास्तींत जास्त किती स्मृति चालते, तें अचूक कळतें. दुकानदारास विचारण्यापूर्वीं ही पुस्तिका पाहावी. विचारल्यानंतर पाहून उपयोग नसतो. आणखी एक गोष्ट. यंत्रावरील मूळ प्रणाली ३२ अंशी असेल तर ४ जी.बी.च्या वरची रॅम तिला दिसतच नाहीं. पैसे खर्चून मेज मोठें करावें आणि दिवाणजींनीं त्याच्या अर्ध्याच भागावर लिहावें, असा तो प्रकार होतो.

एस.एस.डी.चेंही तसेंच. जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं बसणारी अडीच इंची चौकोनी डबी सर्वांत सोपी. तिची जाडी ७ मिलिमीटर असते; जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर फटींत भरावयास प्लास्टिकची चौकट मिळते. थोड्या नव्या यंत्रांत एम. २ नांवाची च्युइंगगमाच्या वडीसारखी उघडी पट्टी लागते. तिच्याही दोन जाती आहेत, साटा आणि एन.व्ही.एम.ई.; एकच खांच असूनही एका जातीचें यंत्र दुसरीस ओळखीत नाहीं, असें अनेकदां घडतें. तेथेंही पुस्तिकाच खरी.

या सर्व खटाटोपांत खरें मोलाचें जें आहे तें मात्र बाजारांत मिळत नाहीं. तें त्या जुन्या चकतीवर आहे. पनवेल तालुक्यांतील माणसाला हें विशेष समजण्यासारखें आहे. नव्या मुंबईच्या विमानतळासाठीं येथील कोपर, कोल्ही, चिंचपाडा, उलवे इत्यादि दहा वस्त्या उठल्या. उलव्याची टेकडी कापून सपाट झाली, नदीचें पात्र वळविलें गेलें, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. त्या वस्त्यांतील एखाद्या घराची ओटी, अंगणांतील तुळस, गांवच्या जत्रेंतील पालखी यांचीं छायाचित्रें ज्या कोणीं त्या वेळीं काढून लॅपटॉपांत ठेवलीं असतील, त्यांना तीं पुन्हां काढतां येणार नाहींत. कारण ती ओटी जेथें होती तेथें आतां डांबराची धांवपट्टी आहे. इतरांच्याही घरीं असें कांहीं ना कांहीं असतेंच. आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज, नुकसानभरपाईच्या कागदांच्या प्रती, मुलीच्या बारशाचें चलच्चित्र. आणि ही चकती आठ-दहा वर्षें फिरलेली असते. तिचें टोंक चकतीपासून केंसाच्या जाडीच्या अल्पांशाइतक्या अंतरावर तरंगत असतें. एका टिचकीच्या आवाजासरशी सर्व नाहींसें होऊं शकतें.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातीं घेण्यापूर्वीं नक्कल. ही शिस्त ज्यांना पाळावयाची नसेल त्यांनीं यंत्र उघडूंच नये. छायाचित्रें, कागद, पत्रव्यवहार हें सर्व प्रथम एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावें, आणि उतरलें कीं नाहीं हें त्यांतील दहा-पांच फाइली उघडून पाहावें. नक्कल झाली असा यंत्राचा निरोप आणि नक्कल प्रत्यक्ष उघडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊं लागला असेल तर घरच्या घरीं पुनःपुन्हां चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. दर खेपेस टोंक चकतीला अधिकच खरवडण्याचा संभव असतो. अशा वेळीं माहिती सोडविणाऱ्या जाणकाराकडेच जावें, मग दहा दिवस लागले तरी चालतील. विंडोजनें डिस्कला बिटलॉकरचें कुलूप घातलेलें असेल, तर त्याची ४८ आंकड्यांची किल्ली आधीं कागदावर उतरवून ठेवावी. हें कुलूप आपल्या यंत्रावर आहे याची कित्येकांना वार्ताच नसते, आणि ती लागते ती नेमकी अवेळीं.

यानंतर दोन मार्ग आहेत. एक, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एस.एस.डी.वर उतरविणें. त्यासाठीं यू.एस.बी.ला जोडणारी एक स्वस्त केबल आणि प्रत काढणारा प्रोग्राम एवढें पुरे होतें. घर बदलतांना सर्व सामान जसेंच्या तसें उचलून नव्या घरांत मांडावें, तसा हा मार्ग. झुरळेंही बरोबर येतात. दुसरा, नव्या एस.एस.डी.वर प्रणाली नव्यानें बसविणें आणि मग केवळ हवें तेवढेंच सामान आंत आणणें. श्रम अधिक, परंतु दहा वर्षांचा केरकचरा दाराबाहेर राहतो. यंत्रांत नको ते प्रोग्राम सांचलेले असतील तर दुसराच मार्ग श्रेयस्कर.

यंत्र उघडणें भीतीचें नाहीं, पण सावधपणाचें आहे. चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी, आणि मग चालू करण्याचें बटण दहा सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. बॅटरी आंत बसविलेली असेल तर झाकण निघतांच प्रथम तिची केबल सोडवावी. स्क्रू सर्व एका लांबीचे नसतात; आंखूड स्क्रूच्या भोंकांत लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या बाजूनें बाहेर निघून कळपट्टी फोडतो. कागदावर यंत्राच्या पोटाची आकृति काढून ज्या त्या स्क्रूला ज्या त्या जागीं टोंचून ठेवावें. झाकण स्क्रूड्रायव्हरनें उचकटूं नये, जुन्या ए.टी.एम. कार्डाची कडा त्यासाठीं उत्तम. अंगांतील स्थिर विजेचा धक्का सूक्ष्म भागांस अपाय करतो; तो धोका हिवाळ्याच्या कोरड्या हवेंत अधिक, म्हणून पट्टीस हात लावण्यापूर्वीं एखाद्या उघड्या लोखंडी खिडकीस स्पर्श करावा. कोंकणच्या दमट हवेंत उलट प्रकार घडतो. पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ चढतो आणि पावसाळ्यांत धडधाकट लॅपटॉपाचा पडदा एके दिवशीं काळाच राहतो. दुरुस्ती करणारे कारागीर अशा वेळीं पट्टी काढून दांत खोडरबरानें पुसतात. ही युक्ति खरीच गुणकारी आहे. मात्र खोडरबर मऊ पांढरें असावें, हात हलका असावा आणि चुरा फुंकरीनें नव्हे, कुंचल्यानें झाडावा, कारण फुंकरींत थुंकी असते. रॅमची पट्टी तिरपी धरून घरांत पुरी सारावी आणि मग खालीं दाबावी. दोहों बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ असा आवाज आल्यावांचून ती बसली असें समजूं नये. यंत्र चालू झालें नाहीं तर दहांपैकीं नऊ वेळां दोष पट्टी अर्धवट बसल्याचाच असतो. लगेच हातपाय गाळण्याचें कारण नाहीं.

नव्या चाकांवर गाडी कोणत्या रस्त्यानें हांकावयाची, हा प्रश्न मात्र आज टाळतां येत नाहीं. विंडोज १० या प्रणालीस तिच्या कंपनीचा नेहमींचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. पुढील विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० नांवाचा सुरक्षेचा भाग आणि ठराविक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. ढोबळ मानानें २०१८ पूर्वींचे बहुतेक लॅपटॉप या अटींत बसत नाहींत. यंत्र धांवूं शकतें, पण त्याला परवाना नाहीं, अशी ही चमत्कारिक स्थिति आहे, आणि तींत ग्राहकाचा दोष कांहींच नाहीं. यास उपाय लिनक्सचा. उबुंटू, मिंट, डेबियन या विनामूल्य प्रणाली अशा यंत्रांवर एस.एस.डी. आणि ८ जी.बी. रॅम यांच्या बळावर सुखानें चालतात. सी-डॅक या सरकारी संस्थेनेंही २००७ पासून बॉस नांवाची भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली पुरविली आहे. पत्रव्यवहार, बँकेचें काम, मराठी लेखन, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठीं त्या पुरेशा आहेत. एखाद्या विशिष्ट हिशेबी प्रोग्रामासाठीं विंडोजच हवी असेल, तर मात्र नव्या यंत्राचा विचार करावा.

भावाविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पूर्वीं रॅम दरसाल स्वस्त होत जाई, आणि ‘थांबा, पुढच्या वर्षीं घ्या’ हा सल्ला शहाणपणाचा ठरे. २०२५ च्या उत्तरार्धांत हें चक्र उलटें फिरलें. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं जगभर जीं माहितीचीं कोठारें उभीं राहत आहेत, त्यांची स्मृतीची भूक इतकी वाढली कीं कारखान्यांनीं आपला माल तिकडे वळविला आणि किरकोळ पट्ट्यांचे भाव चढले. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनें तर क्रूशल या नांवाचा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करीत असल्याचें ३ डिसेंबर २०२५ रोजीं जाहीर केलें. अशा कोठारांचा एक अवाढव्य नमुना पनवेलकरांच्या दाराशींच आहे. हिरानंदानी फॉर्च्यून सिटींत जुलै २०२० मध्यें सुरूं झालेलें योट्टा कंपनीचें केंद्र ७,२०० रॅक मावतील एवढें मोठें आहे. कपाटावरच्या काळ्या पिशवींतील यंत्र आणि तीं कोठारें एकाच बाजारांतून स्मृति मागतात. त्यांत कोणाची पिशवी जड, हें सांगावयास नको. म्हणून बंद पडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपांतून काढलेली योग्य जातीची पट्टी मिळाली तर ती घेण्यांत कमीपणा मानूं नये; रॅम फिरून झिजत नाहीं, चालली तर वर्षानुवर्षें चालते. वापरलेली एस.एस.डी. मात्र घेऊं नये, कारण तिच्या कोठड्यांत कितीदां लिहितां येईल यास मर्यादा असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या कीं गांवांतील दुकानांत, पावती आणि हमीपत्र घ्यावें. आणि भलतीच स्वस्त, भलतीच मोठी डबी दिसली तर तिच्या पोटांत लहानशी पेन ड्राइव्ह दडलेली असण्याचा संभव धरून चालावें. असले नमुने पकडले गेले आहेत.

प्रत्येक जुना लॅपटॉप या खर्चास पात्र असतो, असें नाहीं. बॅटरी फुगून झाकण वर उचललें गेलें असेल तर तें यंत्र तत्काळ बंद करावें. आगीचा धोका असतो, आणि तेथें काटकसर उपयोगी नाहीं. पडद्याची बिजागरी तुटलेली, मुख्य फळा एकदां भिजून दुरुस्त झालेला, आणि वर रॅमही डांखलेली, अशा यंत्रावर पैसे घालणें म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणें होय. सर्व मिळून खर्च नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जात असेल तर हात आंखडावा, हा हिशेब व्यवहारांत बरा पडतो.

काढून ठेवलेल्या जुन्या हार्ड डिस्कचें काय करावें? ती भंगारवाल्याच्या तराजूंत टाकूं नये. फाइली पुसल्या असें यंत्र म्हणतें तेव्हां तें केवळ अनुक्रमणिकेचें पान फाडतें. ग्रंथ तसाच राहतो, आणि दुसऱ्या कोणास तो वाचतां येतो. देऊनच टाकावयाची असेल तर संपूर्ण पुसणाऱ्या प्रोग्रामानें सर्व जागेवर शून्यें लिहून मग द्यावी. तीही नोंदणीकृत संकलकाकडे, कारण १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचरा नियमांनीं अशा वस्तु परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर ठेवली आहे. परंतु ती धडधाकट असेल तर देण्याचीच आवश्यकता नाहीं. अडीच इंची डबींत बसवून तिची बाहेरची डिस्क होते. आणि येथें जुनीचा एक गुण नवीपेक्षां सरस ठरतो. एस.एस.डी.च्या कोठड्यांत कोंडलेले विद्युत्कण, ती कित्येक वर्षें विजेवांचून पडून राहिली तर, हळूहळू निसटूं लागतात. चकतीवरचें चुंबकत्व त्या मानानें अधिक टिकतें. यास्तव छायाचित्रांची एक प्रत त्या जुन्या डिस्कवरच राहूं द्यावी, डबीवर चिठ्ठी डकवून तींत काय आहे आणि केव्हां उतरविलें तें शाईनें लिहावें, आणि दरसाल दिवाळीपूर्वीं घरांतील माळे झाडले जातात त्या दिवशीं ती जोडून फाइली उघडतात कीं नाहीं हें पाहून चिठ्ठीवर नवी तारीख घालावी.